किंडल न घेता जुन्या अँड्रॉइड फोनवर आणि ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर मराठी ई-पुस्तकं वाचायला कोणतं मोफत ॲप चांगलं?

फोनवर केओरीडर, लॅपटॉपवर सुमात्रा पीडीएफ आणि गरज पडली तर कॅलिबर, म्हणजे पुस्तकं सांभाळणारं आणि एका प्रकारच्या फाइलची दुसऱ्या प्रकारची करून देणारं सॉफ्टवेअर. तिन्ही मोफत, तिन्हींचा सोर्स कोड खुला, जाहिरात एकातही नाही. इंग्रजी पुस्तकं वाचायची असती तर इथेच थांबलो असतो. मराठीत त्रास ॲपपेक्षा फाइलचा जास्त.

ई-पुस्तकाची फाइल मुख्यतः दोन प्रकारची, ईपब आणि पीडीएफ. ईपब म्हणजे एका झिपमध्ये बांधलेली वेबपानं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात, त्यामुळे छोट्या स्क्रीनवरही आरामात वाचता येतं. पण आपल्याकडे ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं घ्या किंवा साहित्य संस्कृती मंडळाची, हाती येते ती बहुधा पीडीएफ. जुन्या पुस्तकांची तर नुसती स्कॅन केलेली पानं. फोनवर अशी फाइल उघडली की प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं.

त्यावर कोणीतरी सुचवेलच, कॅलिबरमध्ये पीडीएफचं ईपब करून घ्या. करून बघा, पण फार आशा ठेवू नका. पीडीएफमध्ये कुठे कोणता आकार छापायचा याची नोंद असते. शब्द कुठला, वाक्य कुठलं, हे सहसा नसतं. रूपांतरात वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. पुस्तक युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर मराठी सारखीच उमटवणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या एखाद्या फाँटमध्ये जुळवलेलं असलं तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी समोर येते. स्कॅनमध्ये तर मजकूरच नसतो, नुसतं चित्र.

केओरीडर वेगळी युक्ती करतो. 'रिफ्लो' चालू केलं की तो पानाचं चित्रच शब्दाशब्दाला कापतो आणि ते तुकडे मोठे करून स्क्रीनच्या रुंदीत पुन्हा मांडतो. त्याला मराठी कळण्याची गरजच नाही, दोन शब्दांमधली मोकळी जागा दिसली की झालं. शिरोरेषेमुळे आपला शब्द तसाही एकसंध असतो. म्हणून स्कॅनही चालतं आणि जुन्या फाँटचं पुस्तकही. उणिवा आहेतच: जुना फोन पान उलटताना अडखळतो, आणि कविता, तक्ते यांची पार वाट लागते. तिथे रिफ्लो बंद करा, समास कापा आणि फोन आडवा धरा.

पहिल्यांदा त्याची मांडणी विचित्र वाटेल, कारण तो मुळात ई-इंक यंत्रांसाठी, म्हणजे किंडलसारख्या कागदासारखा पडदा असलेल्या वाचनयंत्रांसाठी बनलेला आहे. स्क्रीनच्या वरच्या कडेला बोट लावलं की एक मेनू, खालच्या कडेला दुसरा. रिफ्लो खालच्यात सापडेल. ईपबचा फाँट बदलायचा तर केओरीडरच्या फोल्डरमधल्या 'फाँट्स' फोल्डरात मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी टाका. लांबलचक वाचनाला मला नोटो सेरिफ बरा वाटतो. ॲप एफ-ड्रॉइडवरून (खुल्या सोर्स कोडच्या मोफत ॲप्सचं दुकान) घ्या. नाहीच जमलं तर लिब्रेरा हे दुसरं वाचनाचं ॲप आहे, तोही तिथूनच घ्या. प्ले स्टोअरवरच्या त्याच्या मोफत आवृत्तीत जाहिराती असतात.

लॅपटॉप ऑफिसचा, म्हणजे इन्स्टॉल करायची परवानगी बहुतेक नसणार. सुमात्राची पोर्टेबल आवृत्ती मिळते, एकच फाइल, डबल क्लिक केलं की चालू. तरी आयटीवाल्यांना विचारलेलं बरं. कॅलिबरचीही पोर्टेबल आवृत्ती आहे आणि त्यात पुस्तक उघडलं की जोडाक्षरं नीट दिसतात. घरी संगणक असेल तर त्यावर कॅलिबरमधला कंटेंट सर्व्हर चालू करा, त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये तुमची सगळी पुस्तकं दिसतील.

चांगल्या ईपबसाठी आधी मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय, धुंडाळा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, त्यामुळे तिथे जुनं साहित्य बरंच आहे, टाइप केलेलं, युनिकोडमध्ये, आणि पुस्तकाच्या पानावरून थेट ईपब उतरवता येतं. दुकानांच्या ॲपमधून विकत घेतलेली पुस्तकं मात्र बहुतेक कुलूपबंद असतात. ती यातल्या कशातही उघडणार नाहीत, त्या त्या ॲपमध्येच वाचावी लागतील.