३५ वर्षं जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा की ५० हजारांचा नवीन घ्यावा?

तुमच्या वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर ३५ वर्षांचा झालाय, व्हॉल्यूम फिरवला की खरखरतो, डावी बाजू मधूनच गप्प होते आणि मागे सतत बारीक घूं ऐकू येतं. दुकानदार म्हणतो भंगारात काढा, ५० हजारांत नवीन घ्या. ज्यांनी आयुष्यात बरेच अ‍ॅम्प्लिफायर बदललेत त्यांनी सांगावं, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी माझं मत सांगून टाकतो. तो दुरुस्त करून घ्या. ५० हजारांतले बहुतेक पैसे स्पीकरला ठेवा आणि थोडे घरातल्या अर्थिंगला. असं का म्हणतो ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी सोलापूरचा, वय ६८. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून नोकरी झाली, त्यामुळे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न कायम हाताशी. वडील गिरणीत होते. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागायचं. बटण दाबल्यावर आवाज यायला अर्धा-पाऊण मिनिट लागायचं, आणि तेवढ्यात आम्ही भावंडं सतरंजीवर जागा धरायचो. आवाजाचं वेड तिथून लागलं.

१९७९च्या जानेवारीत, इकडे सिद्धेश्वराचा गड्डा भरलेला असताना, मी पहिला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधला. सुटे भाग पुण्याहून, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले. टूएन ३०५५चे चार ट्रान्झिस्टर, एका चॅनेलला, म्हणजे एका बाजूला, दोन. ट्रान्सफॉर्मर इथल्याच मोटार रिवाइंडिंगवाल्याने गुंडाळून दिला, पेटी पत्र्याची डबे करणाऱ्याने. जानेवारी ते एप्रिल तो सुरेख वाजला. मे महिन्यात एका दुपारी, बाहेर ४२-४३ डिग्री आणि डोक्यावर पत्र्याचं छप्पर, गाणं चालू असताना आवाज फाटला, जळका वास आला आणि उजव्या स्पीकरचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) पुढे ढकलला जाऊन तसाच थांबला. बोट लावलं तर कोन मागे जाईना. मी प्लग ओढेपर्यंत कॉइल गेलेली होती.

कारण नंतर समजलं. ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू व्हायला लागणारा व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. मग तो जास्त करंट ओढतो, अजून तापतो, अजून ओढतो. हे थांबवायला एक डायोड हीट सिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला, चिकटवून बसवतात, म्हणजे ट्रान्झिस्टर तापला की डायोडही तापतो आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला कायम दिलेला थोडासा व्होल्टेज, आपोआप खाली येतो. मी तो डायोड बोर्डावर, हवेत ठेवला होता. थंडीत चाललं, सोलापूरच्या उन्हाळ्यात नाही चाललं. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि सप्लायचा सगळा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, स्पीकरवर गेला. तेव्हापासून कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजतो, मगच स्पीकर जोडतो. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर स्पीकरची तार लावायचीसुद्धा नाही.

लग्नानंतर आम्ही साखर पेठेत भाड्याने राहायला गेलो. खाली घरमालकांचे यंत्रमाग, वर आम्ही. तिथे १९८६ला कंपनीचा तयार अ‍ॅम्प्लिफायर घेतला. सोनोडाइन, कॉस्मिक ही तेव्हा आपल्याकडची मोठी नावं होती, आणि दुकानाच्या काचेसमोर उभं राहून मी महिनोन्महिने बघत आलो होतो. चॅनेलला ३० वॉट. घरी आणून लावला आणि मन खट्टू झालं. दुकानात जो भरदार वाटला तो घरी पोचट. शिवाय घूं.

वर्षभर मी त्या अ‍ॅम्प्लिफायरलाच दोष देत होतो. एके संध्याकाळी सहज मीटर प्लगला लावला तर १७५ व्होल्ट. आसपासचे सगळे माग चालू. रात्री माग थांबले की २२५. आता हिशोब बघा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये भिंतीतला व्होल्टेज पडला की आतला सप्लाय त्याच प्रमाणात पडतो, आणि वॉट वर्गाच्या हिशोबाने पडतात. २३०चे १७५ झाले म्हणजे तीन चतुर्थांश राहिले, वॉट राहिले साधारण ५८ टक्के. माझा ३० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर संध्याकाळी १७ वॉटचा होत होता. स्टॅबिलायझर आणला तेव्हा तो भरदार वाजायला लागला. नवीन अ‍ॅम्प्लिफायरसाठी पैसे साठवायला घेतले होते, ते तसेच राहिले.

घूं मात्र गेलं नाही. ते अर्थिंगचं निघालं. कॅसेट डेकला एक अर्थ, अ‍ॅम्प्लिफायरला दुसरा, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून त्या दोन अर्थांमधला फरक वाहत होता. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणली, त्या बोर्डाला नीट अर्थिंग करून घेतलं, आणि मागची गुणगुण त्याच दिवशी थांबली. तुमच्याकडेही हे आधी तपासा. सोपी खूण सांगतो: मागच्या सगळ्या पिना काढा, फक्त स्पीकर ठेवा. घूं गेलं तर दोष जोडणीत. तरीही राहिलं आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तेवढंच ऐकू आलं, तर बहुधा सप्लायचे मोठे कंडेन्सर (चार्ज साठवून सप्लाय सपाट ठेवणारे भाग) थकलेत.

१९९६ला दुबईहून आलेल्या मावसभावाने त्याचा नॅड ३०२० मला दिला. हे मॉडेल १९७८चं, कागदावर चॅनेलला फक्त २० वॉट, पण जगभर ज्याचं नाव झालं असा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच सुमारास मी रेकॉर्ड प्लेअरचं जुनं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) काढून मॅग्नेटिक बसवलं, कारण नॅडला त्यासाठी लागणारा फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची खास जागा, होता.

त्या रात्री मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावली. माग थांबलेले, मुलं झोपलेली. पहिल्या आलापाआधी दोन-तीन सेकंद नुसते तानपुरे असतात, ते मी इतकी वर्षं ऐकतच नव्हतो. एक डावीकडे, एक जरा आत उजवीकडे, आणि एकीची तार दुसरीपेक्षा किंचित उशिरा सुटते. बुवांनी श्वास घेतलेला ऐकू आला. डग्ग्यावर तळवा घासून जी घुमक निघते तिला आधी नुसता धप्प असा आवाज होता, आता तिला चढउतार आले. मी बायकोला उठवलं. ती डोळे चोळत बसली आणि पूर्ण बाजू संपेपर्यंत उठली नाही.

पुढची वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की ही नॅडची करामत. आता तसं म्हणणार नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापताना बेस कमी व ट्रेबल जास्त करून कापलेली असते. ते उलट करून मूळ तोल परत आणणं हे फोनो स्टेजचं काम. त्या रात्री जो फरक पडला त्यातला मोठा वाटा कार्ट्रिजचा आणि त्या फोनो स्टेजचा होता. स्पीकरला ताकद देणारा पुढचा भाग जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचाही वाईट नव्हता.

मधे एक ५.१ होम थिएटर आलं, मुलांच्या हट्टाने. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाण्यासाठी मी परत दोन स्पीकरवर आलो.

२०१७ला निवृत्तीनंतर यामाहा ए-एस ३०१ घेतला, चॅनेलला ६० वॉट, टीव्हीची ऑप्टिकल केबल थेट लागते, फोनोही आहे. घेतल्यावर आठवडाभर तो मला नॅडपेक्षा कितीतरी सरस वाटला. पण लॅबमध्ये आयुष्य गेलेलं, तपासल्याशिवाय चैन पडेना. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर दोरीवर टाकलेल्या चादरीमागे ठेवले, तेच स्पीकर, तीच सीडी. ४०० हर्ट्झचा सूर लावून दोन्हींचा स्पीकरवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने बरोबर सारखा करून घेतला. ही पायरी कुणी चुकवू नये, कारण जरासा मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. मुलगी मागे बसून नाणं उडवून स्पीकरच्या तारा बदलत होती. २० वेळांपैकी माझं उत्तर ११ वेळा बरोबर आलं. म्हणजे नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मी अ‍ॅम्प्लिफायर बदललेला नाही आणि ऐकण्यातला आनंद वाढला.

मग वॉट कशाला लागतात? सवड म्हणून. तबल्याच्या थापेला क्षणभर दहापट ताकद लागते, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरने दम टाकू नये. पण दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल. तुमचा स्पीकर एका वॉटला ८७ डेसिबल देत असेल आणि त्याजागी ९०चा आणला, तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा केल्यासारखंच झालं. शिवाय दोन स्पीकरमधला फरक चादरीमागूनही पाच सेकंदांत ओळखता येतो, अगदी माझ्या नातवालाही. म्हणून पैसे तिथे घाला म्हणतोय.

खोलीसुद्धा बघा. आमच्याकडे खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती. टाळी वाजवली की टणटण असा लांबट आवाज यायचा. स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली आणि खाली सतरंजी टाकली, गाण्यातला तिखटपणा गेला. बेसची घुमी चादरीने कमी होत नाही, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावे लागले.

आता तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे. खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या पट्टीवर बसलेली धूळ. आमच्याकडे त्यात मागाच्या सुताची तूसही असायची, नॅड उघडला तेव्हा आत करड्या कापसाचा थरच होता. ब्रशने साफ करा, नॉबच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. रॉकेल किंवा खोबरेल घालू नका, पुढे चिकट होऊन बसतं. डावी बाजू मधूनच जाते त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच: सुटलेला सोल्डरचा डाग, काळवंडलेला रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) किंवा सैल झालेली मागची पिन. मोठे कंडेन्सर बदलायला सांगा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि व्होल्टेज तेवढा किंवा जरा वरचा, १०५ डिग्रीचे. दर १० डिग्री उष्णता वाढली की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका आणि वर क्रोशाचा रुमाल अंथरू नका, आमच्या आईने अंथरलेला मी तिची समजूत घालून काढला होता.

आउटपुट ट्रान्झिस्टर चालू असतील तर ते कुणालाही बदलू देऊ नका. बाजारात जुन्या नंबरांचे नकली माल खूप आहेत, वरून हुबेहूब, आत चिप लहानशी. तुमच्यातले ३५ वर्षं टिकलेत, ते राहू द्या.

आणि एक, बरीच वर्षं बंद पडून असेल तर थेट प्लग लावू नका. कुठल्याही वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात १०० वॉटचा साधा पिवळा तारेचा बल्ब (एलईडी नाही) लावून त्यातून अ‍ॅम्प्लिफायर चालू करा, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करून मेकॅनिककडे न्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, त्याला हात लावू नका.

झाकण उघडल्यावर आतला एक फोटो इथे टाका, सप्लायचे कंडेन्सर आणि हीट सिंक दिसेल असा. कंडेन्सरचं डोकं फुगलंय का, बोर्ड कुठे काळा पडलाय का, ते बघून काय काय बदलावं लागेल ते सांगतो.