फायटर माशांच्या पॅकेजसाठी एफडी मोडावी का?

बदलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं: घरात नवऱ्याचा पगार हातात 48,000 येतो, त्यातून गृहकर्जाचा हप्ता 17,500. मुलगी आठवीत. एफडी 2 लाखांची, एवढीच शिल्लक. ताई दोन वर्षांपासून बेटा, म्हणजे आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात ते मासे हौसेने पाळतात. एकदा घरीच जोडी लावली, 40 पिल्लं जगली, त्यातले नर जवळच्या दुकानदाराने 60 रुपयांना एक याप्रमाणे घेतले. आता एका ब्रीडरने 90,000 रुपयांचं पॅकेज देऊ केलं आहे: दहा इम्पोर्टेड जोड्या, रॅक, 100 बरण्या, ट्रेनिंग आणि वर्षभर 120 रुपये दराने नर परत विकत घेण्याची हमी. ताईंचा हिशोब: दहा जोड्यांची प्रत्येकी 200 पिल्लं, निम्मे नर, म्हणजे 1,000 नर, म्हणजे एका फेरीत 1,20,000. टोकन म्हणून 5,000 देऊन झाले आहेत. एफडी मोडू की बांगड्या गहाण ठेवू, हा प्रश्न.

ताई, दोन्ही नको. मासे जरूर वाढवा, पण पॅकेज घेऊ नका.

एफडीचा मुद्दा पटकन संपवतो. तुमच्या घरात पगार एक आणि हप्ता डोक्यावर. उद्या नवऱ्याची नोकरी थांबली तर 2 लाखांत हप्त्यासकट घर जेमतेम चार महिने चालेल. मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा असं म्हणतो, म्हणजे तुमची ठेव आधीच कमी आहे. त्यातले 90,000 काढले तर उरतात दोन महिने. मुदतीआधी मोडल्यावर व्याजात कापलं जाईल ते वेगळंच.

आता माशांकडे. तुमच्या हिशोबात नर 1,000 आणि पॅकेजमध्ये बरण्या 100. तुम्ही स्वतः मासे वाढवलेत, त्यामुळे यातली अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. नर अडीच-तीन महिन्यांचे झाले की एकमेकांचे पंख फाडायला लागतात, मग प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. विकण्याजोगा व्हायला चार-साडेचार महिने लागतात आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो तिथेच बसतो. म्हणजे एक बरणी एका नराने किमान दोन महिने अडवली. शंभर बरण्यांतून वर्षाला कागदावर 600 नर निघतील. तुमच्या जोड्यांचे नर, आजारी आणि न खपलेले यांनी अडवलेल्या बरण्या वजा केल्या तर महिन्याला 30 विकले जाणं मला खूप चांगलं वाटेल. दहा जोड्या कामालाच येणार नाहीत. वर्षभर दोन-तीन जोड्या आलटून पालटून लावल्या तरी बरण्या भरून जातील. मग दहा कशाला देतात? कारण पॅकेजची किंमत जोड्यांवर ठरते.

दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बस्तान बसल्यानंतरचा आकडा मांडून बघू. 360 नर, त्यातले 300 दुकानात तुमच्याच 60 च्या दराने, 18,000. 60 चांगले नर थेट हौशी लोकांना 250 ने, 15,000. माद्यांना दुकानदार फारसं देत नाहीत. 200 माद्या 20 ने धरू, 4,000. एकूण 37,000. थेट विक्रीचा आणि माद्यांचा दर माझा अंदाज आहे, तुमच्या भागातला तुम्ही घाला. खर्चात आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना भरवायच्या बारीक जिवंत खाद्याची अंडी, मीठ, औषधं, वीज, पिशव्या, ऑक्सिजन, थर्माकोलचे डबे असे महिन्याला 1,200 धरले तर वर्षाचे 14,400. जोड्या वर्ष-दीड वर्षात थकतात, त्या बदलायला 6,000. हातात राहिले 16,600.

आता वेळ. आठवड्यातून दोनदा 100 बरण्यांचं पाणी बदलायचं. एका बरणीला दोन मिनिटं म्हटली तरी एका वेळी तीन तास वीस मिनिटं. आर्टेमिया उबवणं, पिल्लांना भरवणं, तळाची घाण नळीने ओढणं याला रोज पाऊण तास. आठवड्याचे बारा तास होतात, वर्षाचे 620. तासाला 27 रुपये पडले. हौस म्हणून ठीक आहे, हौस पैसे मागते आणि ही उलट थोडे देते. पण यासाठी कर्ज काढायचं नसतं. पहिल्या वर्षी तर चार-पाच महिने विक्रीच शून्य असेल.

तुम्ही म्हणाल, 60 कशाला धरता, 120 ची हमी आहे ना! तुम्ही पाठवलेला पॅकेजचा कागद मी दोनदा वाचला. शब्द असे आहेत: «निरोगी, ए ग्रेड, साडेतीन महिन्यांवरील नर खरेदी करण्याची हमी». ए ग्रेड कोण ठरवणार, ते लिहिलेलं नाही. हाफमून या मोठ्या शेपटीच्या प्रकारात शेपटाचा पंखा पूर्ण 180 अंश उघडला पाहिजे. एका पिलाव्यात, म्हणजे एका वेळच्या पिल्लांत, असे किती निघतात ते तुम्ही तुमच्या 40 मध्ये पाहिलंच असेल. कोई आणि गॅलेक्सी या रंगीबेरंगी प्रकारांत आणखी गंमत आहे, त्यांच्यात मार्बलचा गुण असल्याने रंग वाढत्या वयात बदलत राहतो. आईबाप देखणे म्हणून पिल्लं तशीच निघतील असं नाही, आणि आज फोटोत छान दिसणारा नर दोन महिन्यांनी वेगळाच दिसू शकतो. इतका निसरडा माल आणि प्रतवारी खरेदीदाराच्या हातात, तर हमी कागदावरच राहते. शिवाय हमी वर्षभराची, करार केल्या दिवसापासून. तुमचा पहिला नर तयार व्हायलाच चार-पाच महिने जातील.

मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे. ज्याला 120 ने हवे तितके नर खपवता येतात, तो स्वतःच शेड का वाढवत नाही? त्याला मासे विकण्यापेक्षा पॅकेज विकणं सोपं जातंय, म्हणून. हा साचा आपल्याकडे जुना आहे. तामिळनाडूत 2012 च्या सुमारास इमू पक्ष्यांच्या परतखरेदीचं जे झालं, तेच 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांचं झालं. नव्या लोकांचे पैसे येत होते तोवर जुन्यांचा माल उचलला जात होता. तुमचा ब्रीडर फसवाच आहे असं माझं म्हणणं नाही. तो प्रामाणिक असेल तरी बाजारात मागणी नसेल त्या महिन्यात तो 120 आणणार कुठून?

बाजाराचं गणित जरा बघा. फायटर पाळणारा माणूस एका टाकीत एकच नर ठेवतो, दुसरा ठेवता येत नाही. तो मासा नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं जगतो. म्हणजे गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. दुकानदाराचा धंदा खाद्य, बाटल्या आणि औषधांवर चालतो. आणि कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातल्या दुकानदाराला चेन्नईच्या कोलाथूरहून, कोलकात्याहून किंवा थायलंडहून घाऊक माल मिळतोच. थायलंडने 2019 मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. तिथे दारूच्या चपट्या बाटल्या उघड्यावर ओळीने मांडून हजारोंनी नर वाढवतात, हवा उबदार असल्याने हीटरचा खर्च नाही. त्यांच्याशी भावात तुम्ही टिकणार नाही. तुम्ही टिकाल ते एकाच गोष्टीवर: बदलापूर-कल्याणच्या पाण्यात वाढलेला, प्रवासाने न थकलेला मासा, जो दुकानात दुसऱ्या दिवशी मरत नाही. दुकानदाराला त्याची किंमत कळते, पण तो त्यासाठी 60 चे 75 करेल, 120 नाही.

बांगड्यांवर कर्ज काढलं तर? 90,000 वर 12 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 10,800. वरच्या 16,600 मधून ते गेल्यावर 5,800 उरतात, आणि मुद्दल तसंच.

यावर सरकारी अनुदान मिळेल असं ब्रीडरने सांगितलं, ते अर्धं खरं आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटसाठी 3 लाखांचा प्रकल्पखर्च धरलेला आहे आणि महिलांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण ते अर्ज मंजूर झाल्यावर, काम झाल्यावर येतं. आधी पैसे तुम्हीच घालायचे. आज घेतलेल्या पॅकेजवर उद्या अनुदान मिळेल असं धरून चालू नका. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन सध्या अर्ज घेतात का ते विचारा. तिथे जायला पैसे लागत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर महिन्याच्या खर्चातून 2,000 बाजूला काढत गेलो असतो आणि सहा महिन्यांत 12,000 च्या आत सगळं उभं केलं असतं. एका ओळखीच्या ब्रीडरकडून दोन चांगल्या जोड्या, प्लाकाट, म्हणजे आखूड पंखांच्या असतील तर बरं, कारण त्यांचे नर शेपूट चावून खराब होत नाहीत तितके; हाफमून सात-आठ महिन्यांचा झाला की बरेचदा स्वतःचीच शेपूट चावतो आणि किंमत उतरते. तीस बरण्या, दोन स्पंज फिल्टर, पाणी शिळं करायला दोन ड्रम. पाण्यात टाकायला देशी बदामाची वाळकी पानं रस्त्यावर फुकट मिळतात, ऑनलाइन विकत घेऊ नका. हीटरवर मात्र कंजुषी नको, बदलापूरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिल्लांना सोसत नाहीत.

एक वही ठेवा. पिलाव्याची तारीख, तीन आठवड्यांनी जगलेली पिल्लं, बरणीत गेलेले नर, विकलेले, कुणाला, किती दिवसांनी पैसे आले. दूरच्या गिऱ्हाइकाला बसच्या पार्सलने पाठवलात तर मेलेल्या माशाची भरपाई तुमच्याकडे येते, म्हणून पिशवी उघडतानाचा व्हिडिओ मागण्याची अट आधीच सांगा आणि मेलेलेही वहीत लिहा. माशांचा नफा शेतीच्या उत्पन्नात मोडत नाही, व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. आज तुमच्यावर कर बसणार नाही, पण वही तिथेही कामी येईल. सलग तीन पिलावे पन्नासच्या वर जगले, नर पाच महिन्यांच्या आत खपले आणि रोख देणारी दोन दुकानं पक्की झाली, की मला पुन्हा लिहा. तेव्हा साठ बरण्यांबद्दल बोलू.

राहिलं टोकन. पाच हजार गेले म्हणून उरलेले पंच्याऐंशी देऊ नका. आजच व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा: व्यवहार करायचा नाही, टोकन परत करा. फोनवर बोलणं झालं तरी निरोप लेखीच पाठवा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. परत आले तर त्यात बरण्या आणि दोन्ही फिल्टर होऊन जातील.