खाडी रिकामी ठेवायचं ठरलं होतं

प्रश्न: ताई, आम्ही सात जण हॉस्टेलवर 'डिप्लोमसी' खेळतो, म्हणजे युरोपच्या नकाशावरचा पटखेळ, प्रत्येकाकडे एक देश. मी इंग्लंड, माझा रूममेट फ्रान्स. इंग्लिश खाडीत दोघांनीही शिरायचं नाही, असं पहिल्याच वर्षी ठरलं. खेळातल्या 1902च्या हिवाळ्यात त्याने त्याच्या ब्रेस्त बंदरात नवं आरमार उभं केलं. म्हणाला, इटलीसाठी. 1903च्या वसंतात ते खाडीत आलं. विचारल्यावर म्हणाला, "बेल्जियम सांभाळायला आलोय, आईची शपथ." शरदात त्याने लंडन घेतलं. माझी पाच केंद्रं होती, चार उरली (जेवढी केंद्रं ताब्यात, तेवढ्याच तुकड्या ठेवता येतात). पट तसाच ठेवलाय, नकाशाचा फोटो सोबत आहे. आठ दिवस आम्ही एका खोलीत राहून बोलत नाही. खेळ म्हणून सोडून द्यायचं, की हा विश्वासघातच?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'आईची शपथ' इथे अडले. लंडन घेतलं ते खेळात बसतं. शपथ बसत नाही.

आधी लंडनचं बोलू. ॲलन कॅलहॅमर यांनी हा खेळ 1954 मध्ये रचला आणि 1959 मध्ये पदरमोड करून त्याच्या 500 प्रती काढल्या. त्यात फासा नाही, नशीब नाही. पटावर 34 केंद्रं, जिंकायला 18 लागतात. सुरुवातीला 22 केंद्रं सात देशांकडे असतात, 12 मोकळी. ही मोकळी केंद्रं बहुतेक डावांत दोनेक वर्षांत संपतात आणि मग ज्याला वाढायचंय त्याला कुणाच्या तरी ताटातलंच उचलावं लागतं. बोलण्यात दिलेला शब्द नियमाने कुणालाच बांधत नाही. चिठ्ठीवर लिहिलेली चाल तेवढी खरी.

आणि ब्रेस्तचं आरमार तुला सांगत होतं रे! इटलीवर जायचं असेल तर फ्रान्स आरमार मार्सेयला उभं करतो, तिथून भूमध्य समुद्र दारातच. ब्रेस्तच्या दारात तुझी खाडी. त्याच हिवाळ्यात तू त्याला टोकायला हवं होतंस. पुढे वसंतात ते खाडीत आलं, तरी उत्तर समुद्रातलं तुझं आरमार तू नॉर्वेच्या पाठबळालाच ठेवलंस. ते लंडनकडे वळवलं असतं तर दोन्ही आरमारं एकमेकांवर आपटून मागे राहिली असती आणि लंडन वाचलं असतं. नॉर्वे कदाचित गेलं असतं, पण घर राहिलं असतं.

मी स्वतः हे केलेलं आहे. तुर्कस्तान माझ्याकडे होता, काळा समुद्र रिकामा ठेवायचा असा रशियाशी तह होता. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या गेल्या. त्याची होती, 'सेवास्तोपोल, जागेवर'. माझी, 'अंकारा ते काळा समुद्र'. त्याने काही न बोलता पेन्सिलीचं टोक चिठ्ठीवर दाबलं, कागद फाटेपर्यंत. त्या चालीबद्दल मला अपराधी वाटत नाही. पण मी त्याला फक्त पटावरचं खोटं सांगितलं होतं. त्याच्या घरचं, आमच्या मैत्रीचं काही मध्ये आणलं नव्हतं.

तुझ्या मित्राने नेमकं तेच आणलं. शपथ ही खेळाबाहेरची गोष्ट, ती मोडून केंद्र मिळवणं मला मान्य नाही. राग धर, पण तेवढ्यापुरताच. आज रात्री दिवा मालवायच्या आधी त्याला सांग, "लंडन घेतलंस, ठीक. आईला मध्ये आणलंस ते मला लागलं." लंडनचा हिशोब त्या बोलण्यात मिसळू नकोस. मिसळलास की तो म्हणेल, 'हरला म्हणून रडतोय', आणि खरी गोष्ट बाजूला राहील. आणि पुढच्या डावाआधी सातही जणांनी ठरवून टाका की शपथा चालणार नाहीत. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे.

आता डाव. तो सोडू नकोस! या हिवाळ्यात तुला एक तुकडी काढावी लागेल. बॅरेंट्स समुद्रातलं आरमार काढ, उत्तर समुद्रातलं काही झालं तरी ठेव. मग जर्मनीवाल्याला गाठ. फ्रान्सची आता सात केंद्रं झाली, पुढची भूक जर्मनीवरच भागायची आहे, हे त्यालाही दिसत असेल. फोटोत जर्मनीचं सैन्य हॉलंडला आणि शेजारच्या रूर प्रांतात दिसतंय. त्याने हॉलंडहून बेल्जियमवर जावं, रूरने पाठबळ द्यावं आणि त्याच वेळी तू उत्तर समुद्रातून लंडनवर चाल लिही. तुझ्या मित्राचं आरमार लंडनमध्येच अडकेल. हललं, तर लंडन मोकळं आणि तू आत.

जर्मनीवाला हो म्हणेल. तो हो म्हणाला, की लगेच त्याचं नवं आरमार कील बंदरात उभं राहतंय का, ते बघ.