कापडी पॅड जरूर घे, पण उन्हात वाळव

मावशी, मी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. घर दोन खोल्यांचं. मोरी घरात, संडास बाहेर, तीन बिऱ्हाडांत एक. घरी आई, बाबा आणि कॉलेजात जाणारा भाऊ. पॅडमुळे दर महिन्याला मांड्या सोलवटून निघतात. त्यात परवा कचरा न्यायला येणाऱ्या ताई नुसत्या हातांनी आमच्या पिशवीतली पॅड वेगळी काढताना दिसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापडी पॅड किंवा कप (पाळीत योनीत बसवायचा सिलिकॉनचा छोटा पेला) वापरावा असं मनात आहे. आई म्हणते, “कपड्यांतून आम्ही कशाबशा सुटलो, तू परत तिकडेच निघालीस! आणि कप तर लग्नाआधी नाहीच.” काय करू?

बाळा,

त्या ताईंकडे पाहून तुझा जीव कळवळला हे बरंच झालं, पण सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. पॅड गुंडाळून टाकायला पाकीट द्यायची जबाबदारी २०१६च्या घनकचरा नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली होती. त्याआधी, २०१३ मध्ये, तुझ्याच शहरातल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी वापरलेली पॅड पिशव्यांत भरून थेट कंपन्यांकडे पाठवली होती. योग्य दारात नेऊन टाकली त्यांनी ती. तुझ्या हातात आहे ते असं, की जोवर ही पॅड वापरशील तोवर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळ, वर लाल ठिपका काढ आणि पुडी वेगळी दे. ठिपका दिसला की आत काय आहे ते कळतं, पुडी उघडावी लागत नाही. ते आजपासून कर. पॅड सोडायची की नाही, हे मात्र तुझ्या अंगाला काय मानवतं आणि घरात काय जमतं ते पाहून ठरव. नुसत्या शरमेपोटी केलेला बदल टिकत नाही.

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. तिच्या वेळचा कपडा म्हणजे जुन्या लुगड्याची घडी. चालताना सरकायची, सुकली की कडक होऊन घासायची. पण खरा त्रास त्यापुढचा होता. घरातल्या पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून तो कपडा परकराखाली, कॉटमागे, माळ्यावर कुठेतरी वाळत घालायचा. वाळायचाच नाही. तसाच दमट कपडा पुन्हा घ्यायचा आणि मग खाज, वास, अंगावरून पांढरं जाणं. आई ज्यातून सुटली ती ही लपवाछपवी होती. सुती कापड बिचारं काही वाईट नव्हे. तिला आधी विचार, तेव्हा कपडे कुठे वाळवायचीस? तिचं सगळं ऐकून घे आणि मग सांग की मी दोरीवर वाळवणार आहे. दोरीला तिची परवानगी मिळाली तरच कापडी पॅडच्या वाटेला जा. लपवूनच वाळवायचं असेल तर आहेत ती पॅड बरी.

धुणं अवघड नाही. गार पाण्यात अर्धा तास भिजव. गरम पाणी घेतलंस की डाग धरलाच म्हणून समज. मग साधा साबण लावून चोळ आणि पिळताना निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत खळबळत राहा. त्यात डेटॉल घालू नकोस, तुझी कातडी आधीच सोललेली आहे. घेताना एकसंध जाड शिवलेलं पॅड घेऊ नकोस, घडी पूर्ण उलगडणारं घे. ते धुताना आतून दिसतं आणि लवकर वाळतं. बटणं लावून चड्डीला घट्ट बसतं, सरकत नाही.

आधी तीन-चारच घे. संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरी वापर, ऑफिसला नेहमीचं पॅड. आणि पुण्याचा जुलै-ऑगस्ट आला की हट्ट करू नकोस. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवता आली तर ठीक, नाहीतर ते दोन महिने विकतची पॅड वापर. त्यात काहीही कमीपणा नाही.

कप मात्र तुझ्या घराला जास्त सोयीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा बसवला की आठ ते बारा तास पाहावं लागत नाही. म्हणजे सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी आणि रात्री, दोन्ही वेळा घरच्या मोरीत. बाहेरच्या संडासात कप धुण्याची वेळच येत नाही. हात आधी स्वच्छ धू, नखं काप. काढताना नुसती दांडी ओढू नकोस, खालचा भाग चिमटीत दाब म्हणजे हवा शिरून कप सुटतो. पाळी संपली की वेगळ्या पातेल्यात पाच-दहा मिनिटं उकळ. हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात. तोवर खाली कापडी पॅड असू दे. (तांबी बसवलेल्या वाचकांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कप ओढताना ती सरकू शकते.)

राहिली लग्नाची गोष्ट. कपाने योनीपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, फाटेल अशी आईला भीती असणार. पण ते लवचिक असतं. ते ताणलं जातं, खेळताना किंवा कपानेही थोडं फाटू शकतं, आणि त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हेच पुराव्यानिशी मांडलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. डॉक्टरांनाच जे आता शिकवत नाहीत त्याची भीती तू कशाला बाळगायचीस? आईला एका दिवसात पटणार नाही. कापडी पॅडवर सहा महिने बरे गेलेले तिला दिसू देत, मग कपाचा विषय काढ. पण शरीर तुझं आहे, शेवटचा शब्दही तुझाच.

मांड्यांची आग पाळी नसतानाही होत असेल, किंवा वास येणारा स्राव असेल, तर पॅड बदलून भागणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

आणि भाऊ. दोरीवर काय आहे असं त्याने विचारलंच तर सरळ सांग, पाळीची पॅड आहेत. कॉलेजात जाणारा मुलगा आहे, कळू दे. पावसाची सर आली आणि तू घरी नसलीस, तर ती आत घ्यायलाही त्याला सांगून ठेव.