काम कसं चाललंय? खरं खरं सांगा

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की तुम्ही काय काम करता आणि त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. मला वाटलं दोन-चार ओळींची उत्तरं येतील, आली ती पानंच्या पानं, काही तर रात्री दोनला लिहिलेली. सगळी वाचून काढली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली, ज्यांनी सुरुवातीलाच 'मला माझी नोकरी आवडते' किंवा 'अजिबात आवडत नाही' असं लिहिलंय त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या चार ओळींत स्वतःचंच वाक्य खोडलंय. कामातला एक तुकडा जीव ओतून सांगितलाय आणि दुसऱ्याचं नावही नको झालंय. म्हणून मी पण आज अख्ख्या नोकरीवर बोलत नाही, त्या तुकड्यांवरच बोलते. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी लिफ्ट मेन्टेनन्सचं काम करतो, १४ वर्षं झाली. ठरलेल्या लिफ्ट दर महिन्याला तपासायच्या, वर मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक बघायचा, दोर बघायचे, दरवाज्यांचे रोलर बघायचे, वहीत सही करायची. काम मनापासून करतो. पण लिफ्ट चालू असली की मी कोण हे कोणाला माहीत नसतं आणि बंद पडली की धडाधड फोन, ते पण अशा आवाजात की मीच मुद्दाम बंद पाडलीय. मध्यंतरी एका ठिकाणी लिफ्ट एकदम हळू चालवून दोरावर फडकं धरलं तर फडकं अडकत होतं, म्हणजे दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. दोर बदला म्हटलं तर बिल्डिंगवाले म्हणाले चाललीय ना, मग कशाला. तीनदा सांगितल्यावर बदलला. त्यानंतर कोणी एक शब्द बोललं नाही. त्या रात्री झोपच आली नाही, वाटलं आपण असलो काय नि नसलो काय. आता तर काम आवडतं की नाही तेही कळेनासं झालंय.

उत्तर: दादा, काम तुम्हाला आवडतं. फडकं कुठे अडकलं हे ज्याला एवढं लख्ख आठवतं आणि जो एकाच गोष्टीसाठी तीनदा भांडतो त्याचं कामावर प्रेम नाही असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. तुम्हाला खुपतंय ते वेगळंच आहे, तुमच्या कामाचं यश दिसत नाही. शिक्षकाला मूल वाचताना दिसतं, सुताराला टेबल दिसतं, आणि तुमचं काम चांगलं झालं म्हणजे काय झालं तर काहीच झालं नाही. जी माणसं काहीतरी वाईट घडू नये म्हणून राबतात त्या सगळ्यांचं हे दुखणं आहे, सर्व्हर सांभाळणारे, पाण्याची शुद्धता तपासणारे, रेल्वेचे रूळ बघत चालणारे.

तुमच्याच धंद्यातली गोष्ट सांगते, तुम्हाला कदाचित माहीतही असेल. एलिशा ओटिस या माणसाने दोर तुटला तरी लिफ्ट जागच्या जागी अडकून राहील अशी सोय केली, पण तेवढ्याने लोकांचा विश्वास बसेना. मग १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो स्वतः उंच उचललेल्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिला आणि सगळ्या गर्दीसमोर दोर तोडायला लावला. प्लॅटफॉर्म खाली आला नाही. म्हणजे बघा, सुरक्षितता हा प्रकार पहिल्यापासूनच डोळ्यांना न दिसणारा आहे, तो दाखवायला त्यालाही दोर तोडावा लागला.

तुम्ही काही दोर तोडू नका. पण दाखवायचं मात्र सोडू नका. बदललेल्या दोराचा वीतभर तुकडा बिल्डिंगवाल्यांच्या टेबलावर ठेवा, तुटलेल्या तारा बोटाने दाखवा, वहीत नुसती सही न करता एक ओळ लिहा, काय सापडलं आणि ते तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं. ही फुशारकी नाही हो, पुढच्या वेळी तीनदा सांगायला लागू नये म्हणून केलेली सोय आहे.

आणखी एक. अमेरिकेत अॅडम ग्रँट या संशोधकाने २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. त्यातल्या काहींची अशा एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं गाठ घालून दिली ज्याला त्याच पैशातून स्कॉलरशिप मिळाली होती. बस, तेवढंच. महिन्याभराने बघितलं तर ही मंडळी फोनवर दुपटीहून जास्त वेळ घालवत होती आणि पैसेही खूप जास्त जमवत होती. पगार तोच, काम तेच, फक्त आपण हे कोणासाठी करतोय त्याचा चेहरा दिसला होता. तेव्हा तपासणी झाली की लगेच बॅग उचलून पळू नका, पाच मिनिटं तळमजल्यावर थांबा. कोणी व्हीलचेअर आत घेईल, कोणी गुडघे धरत आलेली आजी आत शिरेल, दरवाजा बंद होईल आणि लिफ्ट वर जाईल. ते बघा आणि मग निघा.

फोनवरच्या ओरडण्याचं म्हणाल तर अडकलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला माफ करा. पण अडकलेला नसताना ओरडणाऱ्याला माफ करायची काही गरज नाही. असे फोन तुमच्या खासगी नंबरवर न येता ऑफिसच्या नंबरवर जावेत हे साहेबांना स्पष्ट सांगा.

प्रश्न: ताई, मी आयसीयूत नर्स आहे, नाइट ड्युटी जास्त. रात्रभर नातेवाइकांशी शांतपणे बोलायचं, डॉक्टरांची चिडचिड ऐकून घ्यायची, पंपाचा अलार्म वाजला की धावायचं. सकाळी घरी आले की नवरा सहज काही विचारतो आणि माझ्याकडे उत्तराला शब्दच नसतात. पूर्वी पेशंट गेला की बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता तोंडावर चादर ओढते, हात धुते आणि शेजारच्या बेडचा ड्रिप बघायला जाते. मी दगड झालेय का?

उत्तर: नाही गं. दगडाला हा प्रश्न पडत नाही.

मी स्वतः सात वर्षं तक्रारींच्या फोनवर काम केलंय. तुझ्या कामापुढे ते काहीच नाही, पण समोरचा काहीही बोलला तरी आवाज गोड ठेवायचा हे काय असतं ते मला माहितेय. घरी आल्यावर आईने 'जेवतेस का' विचारलं तरी अंगावर काटा यायचा, कारण अजून एक प्रश्न. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एअर होस्टेसच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये हे नीट मांडलं, की आतलं दाबून बाहेर ठरलेला चेहरा ठेवणं हेही श्रमच आहेत, पगारासाठी केलेले. गंमत म्हणजे पाठ दुखली तर आपण विश्रांती घेतो आणि हे श्रम मोजतच नाही. तू सकाळी घरी येतेस तेव्हा पायांइतकाच तुझा चेहराही दमलेला असतो.

बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने आतून पार संपून जाण्याबद्दल, तू विचारलं नाहीस पण मी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तिथे तो आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलाय. खुणा तीन. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात पहिली खूण आहे, दुसरी थोडीशी आहे, तिसरी मला कुठेच दिसली नाही. तू शेजारच्या बेडकडे जातेस आणि ते काम बिनचूक करतेस. पण पहिल्या दोन आहेत म्हणजे आत्ताच थांबून बघायची वेळ आहे, हे मी गोड करून सांगत नाही.

'आराम कर' असं मी म्हणणार नाही, ते तुला सगळेच सांगत असतील. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीर सगळ्यात मंदावलेलं असतं आणि दिवसाची झोप रात्रीपेक्षा कमी आणि तुटक होते, यात तुझ्या मनाच्या दुबळेपणाचा काहीही संबंध नाही. त्यामुळे पहिलं भांडण ड्युटीच्या चार्टसाठी कर, नाइट संपून लगेच डे लागत असेल तर मध्ये सुट्टी मागच. दुसरं, अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी विभागातल्या नर्सने एक पद्धत सुरू केली, पेशंट गेला की सगळी टीम बेडभोवती एखादं मिनिट गप्प उभी राहते, त्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी धडपडलेल्या हातांसाठी, आणि मग पुढच्या कामाला लागते. ती आता बऱ्याच हॉस्पिटलांत पोचलीय. तुमच्या वॉर्डात हेड सिस्टरना विचारून बघ. चादर ओढणं आणि हात धुणं यांच्यामध्ये तेवढं एक मिनिट हवं होतं, तू दगड झाली नाहीस, तुला ते मिनिट कोणी दिलं नाही.

नवऱ्याला मात्र आजच सांग, 'घरी आल्यावर पहिला अर्धा तास मला काही विचारू नकोस, नंतर मीच बोलेन.' त्याला बिचाऱ्याला वाटत असेल की तू त्याच्यावर रुसलीयस. आणि सलग सुट्टी मिळूनही असंच कोरडं वाटत राहिलं, झोप उडाली, जगणंच नको वाटायला लागलं तर एक दिवसही न थांबता डॉक्टरकडे जा, मग तो विषय नोकरीचा उरत नाही.

प्रश्न: मी विम्याचे क्लेम तपासतो. फाइल उघडा, कागद जुळवा, टिक करा, पुढची फाइल. त्रास काही नाही, साहेब चांगले आहेत, सहाला सुटतो. संध्याकाळी मी तबला शिकतो आणि खरं सांगायचं तर दिवसभर त्याचीच वाट बघत असतो. मित्र म्हणतात पॅशन नसलेली नोकरी म्हणजे आयुष्य वाया. खरंच माझं काही चुकतंय का?

उत्तर: काही चुकत नाही. एमी रझेस्निव्हस्की या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की लोक आपल्या कामाकडे साधारण तीन नजरांनी बघतात, कोणाला ती पोटापाण्याची सोय असते, कोणाला वर चढायचा जिना, तर कोणाला ते आपलं जन्माचं काम वाटतं. त्यांनी ज्यांना विचारलं ते या तिन्हींत जवळजवळ सारखे विभागले गेले होते, आणि एकाच हुद्द्यावरची माणसंही तिघं तीन प्रकारची निघाली. म्हणजे मित्रांची नजर ही एकमेव नजर नाही. तुमच्या आयुष्यात पॅशन आहे की, ती फक्त सहानंतर येते. एवढंच सांभाळा की त्या फाइलच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी ऑपरेशन झालेलं असतं किंवा घर जळालेलं असतं. ताल डोक्यात चालू असला तरी टिक करताना नजर कागदावर असू दे.

प्रश्न: ताई, नवीन कंपनीत सहा आठवडे झालेत, सगळे हुशार आहेत, मला चुकून घेतलंय आणि ते लवकरच कळणार असं सतत वाटतं.

उत्तर: पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच या वाटण्यावर लिहिलंय, तेही चांगलं यश मिळवलेल्या बायकांशी बोलून. तेव्हा तू एकटी नाहीस. सहा आठवड्यांत कोणालाच सगळं येत नाही. जे कळलं नाही ते आजच विचार, सहा महिन्यांनी विचारायला जास्त जड जातं.

प्रश्न: ३१ वर्षं बस चालवली. रिटायर होऊन दोन महिने झाले. अजून पावणेचारला जाग येते. पलंगाच्या कडेला बसतो आणि उजवा पाय आपोआप पुढे जातो, ब्रेक शोधायला. नोकरीत असताना रोज म्हणायचो कधी एकदा सुटतोय. ट्रॅफिक, धूर, पाठ, कटकट. आता घरच्यांना काय सांगू, मला त्याचीच आठवण येते.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव होतं, सगळं गाव एका कापडाच्या कारखान्यावर चालायचं. जगभर मंदी आली तेव्हा तो बंद पडला आणि मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड वगैरे संशोधक मंडळींनी १९३१ च्या सुमारास तिथल्या लोकांचं जगणं टिपून ठेवलं. वाटेल की माणसांकडे वेळच वेळ म्हणजे वाचनालय गजबजेल, तर उलट लोक पुस्तकं कमी न्यायला लागले. रस्त्याने चालायचा वेग कमी झाला, पुरुष सारखे मध्येच थांबायचे. बऱ्याच जणांनी तर घड्याळ घालायचंच सोडून दिलं. त्यांची नोकरी गेली होती आणि तुम्ही मानाने रिटायर झालात, हा फरक फार मोठा आहे, पेन्शनचा घास आणि हातातोंडाची मारामारी यांची बरोबरी मी करत नाही. पण याहोडाबाईंनी पुढे त्यावरून जे मांडलं ते तुम्हाला लागू पडतं, की काम पगाराखेरीजही बरंच काही देत असतं, दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण कशाचा तरी भाग आहोत ही जाणीव, एक ओळख. कटकटीबरोबर तेही सगळं एकाच दिवशी डेपोत जमा झालं तुमचं.

म्हणून तुम्हाला आठवण ट्रॅफिकची नाही येत. पहिली बस वेळेवर सुटली नाही तर कोणाची तरी शिफ्ट चुकेल, ते कोणीतरी तुमच्यावर अवलंबून होतं, त्याची येते. घरच्यांना हे असंच्या असं सांगा, त्यांना कळेल. पावणेचारची जाग मोडायची घाई करू नका, पण पलंगावर बसून राहू नका, उठून बाहेर चालायला जा, आणि घड्याळ घाला. महिन्याभराने डेपोत जाऊन विचारा की नवीन पोरांना शिकवायला कोणी हवंय का, वळणावर उभ्या प्रवाशांचा तोल जाऊ नये म्हणून ब्रेक किती आधीपासून दाबत आणायचा हे पुस्तकात शिकून येत नाही.

आणि तोपर्यंत माझं एक काम करा. तुमचा सगळ्यात जास्त वर्षं चालवलेला रूट पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत लिहून पाठवा, कुठे खड्डा होता, कुठे कोण रोज धावत यायचं आणि तुम्ही कोणासाठी थांबायचात. पुढच्या अंकात जागा ठेवलीय.