पळणं संध्याकाळी, साखर घसरते रात्री

प्रश्न : मी इन्सुलिनवर आहे. संध्याकाळी पाऊण तास पळतो. तेव्हा साखर ठीक असते, पण रात्री दोन-तीनला घामाने जाग येते. असं का?

उत्तर : पळताना रिकामा झालेला साखरेचा साठा स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातून भरून काढतात. टोचलेलं इन्सुलिन मात्र आपोआप कमी होत नाही. पळण्याच्या दिवशी डोस किती उतरवायचा, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या आणि झोपण्यापूर्वी साखर मोजाच. जाग आल्यावर ७० च्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मांडीत टोचून लगेच पळू नका. इन्सुलिन भराभर शोषलं जातं. निघताना साखर २५० च्या वर असेल, तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा. ते वाढलेले असतील, तर त्या दिवशी पळणं नाही.