पर्यावरण शिक्षणाचे प्रशिक्षण कसे निवडावे?

प्रश्न : मी सहावीला विज्ञान शिकवते. पर्यावरणविषयक प्रशिक्षणातून तक्ते आणि पुस्तिका मिळतात, पण वर्गात त्यांचे वाचन होऊन विषय तिथेच थांबतो. प्रशिक्षण निवडताना काय पाहावे?

उत्तर : युनेस्को आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी 1977 मध्ये तिबिलिसी (आताच्या जॉर्जिया देशाची राजधानी) येथे भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे मांडली : जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग. तक्ते पहिल्या दोहोंपुरते उपयोगी पडतात. म्हणून ज्या प्रशिक्षणात शिक्षकांना स्वतः मैदानावर नेऊन निरीक्षण, मोजणी व नोंदी करायला लावतात, तेच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधनांसाठी फार खर्च लागत नाही. सुतळीने एक मीटर लांबी-रुंदीचे दोन चौकोन आखावेत, एक झाडाखाली आणि एक रोजच्या पायवाटेवर. प्रत्येकात किती प्रकारच्या वनस्पती दिसतात, मुंग्या-गांडुळे आहेत का, पेन्सिल मातीत किती सेंटिमीटर शिरते, हे मुलांनी वहीत लिहावे. तुडवलेली माती घट्ट होते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या कमी होतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, हे कारण त्यानंतर सांगितले, तर मुले ते आपल्याच आकड्यांशी ताडून पाहतात. (वनस्पतींची नावे ठाऊक नसली तरी अडत नाही, पानांच्या आकृत्या काढून ‘अ’, ‘आ’ अशी खूण पुरते.) हीच नोंद पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी. आणि पायवाट कुठून वळवावी, याचा प्रस्ताव मुलांनाच मुख्याध्यापकांपुढे मांडू द्यावा.